पाणी नितळ आहे, मग पिऊ नका का म्हणतात?

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीवर जुनी विहीर आहे. पाणी नितळ, गोड. परवा तपासणीचा अहवाल आला, त्यात नायट्रेट 82 लिहिलंय. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक म्हणाले, तान्ह्या बाळाला देऊ नका. माझं बाळ साडेचार महिन्यांचं आहे, वरचं पावडरचं दूध चालू आहे. सासूबाई म्हणतात, तीन पिढ्या याच पाण्यावर वाढल्या. मी पाणी दहा मिनिटं उकळते, गाळते, मग देते. तेवढं पुरेल ना?
*– एक वाचक, जि. जालना*

उत्तर : नाही, पुरणार नाही. बाळापुरतं हे पाणी आजच बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं. वाफ उडून जाते आणि ते भांड्यातच राहतं, म्हणजे उकळलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं. तुरटी, टीसीएल (जंतू मारायची क्लोरीनची पावडर), कँडलचा फिल्टर, यूव्हीचं यंत्र यांपैकी कशानंही ते जात नाही. चांगल्या स्थितीतल्या आरओनं बरंच कमी होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. क्षार, कठीणपणा अशा काही बाबतींत दुसरा स्रोत नसेल तर मानक थोडी सूट देतं. नायट्रेटला ती सूट नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळसर दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. अंगावरच्या दुधात मात्र नायट्रेट फारसं उतरत नाही. दूध पुन्हा वाढवता येईल का, हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर पावडरीसाठी तपासलेलं, दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा आणि ते उकळून वापरा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या सांगतात ते त्यांच्या काळापुरतं खरं असणार. त्या नांदायला आल्या तेव्हा शेतात इतका युरिया पडत नव्हता आणि घरामागे सेप्टिक टँक नव्हता. युरियात 46 टक्के नत्र असतं. 45 किलोच्या एका गोणीतलं सगळं नत्र पिकानं न उचलता नायट्रेट होऊन खाली झिरपलं असं धरा. तेवढं नायट्रेट सुमारे 20 लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या काठावर आणायला पुरतं. सगळं कधीच झिरपत नाही, पण पाऊस तोंडावर असताना एकदम फेकलेल्या खताचा मोठा हिस्सा वायाच जातो. म्हणून हप्ते पाडून द्या, माती तपासून द्या. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या साधारण 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं आणि महाराष्ट्रात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या पुढे होतं. तेव्हा हा एकट्या तुमच्या वस्तीचा दोष नाही.

एक काम घरच्या घरी करा. प्रयोगशाळेत असताना मी विहिरीवर गेले की पाण्याआधी आतल्या भिंती बघायची. पाऊस होऊन दोन दिवस झाले की बांधकामाच्या सांध्यांतून ओल सुटते. एका बाजूची ओल तपकिरी, चिकट दिसली की वर हमखास उकिरडा, गोठ्याचं मूत जिरणारी जागा किंवा शोषखड्डा सापडायचा. तुम्हीही बघा. उकिरडा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवा. कठड्याभोवती पक्का ओटा आणि सांडपाण्याला गटार करून घ्या. नायट्रेट लगेच उतरणार नाही, एक-दोन पावसाळे जातील. पावसाळ्याआधी आणि नंतर नमुना तपासत राहा.

प्रश्न : आमचा बोअर उन्हाळ्यात आटतो. भावकीतले एकजण म्हणतात, मोरीचं आणि अंगणातलं पाणी पाइपानं थेट बोअरमध्ये सोड, पुनर्भरण होईल. करावं का?
*– एक वाचक, ता. सिन्नर*

उत्तर : हात जोडून सांगते, करू नका. पाणी मुरवायची तळमळ चांगली आहे, वाट चुकीची आहे.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक आणि खडकात भेगा. जंतू अडवण्याचं काम माती करते. पाणी तिच्यातून सावकाश उतरतं तेव्हा बरेचसे जंतू तिथेच अडकतात, मरतात. बोअरमधून सोडलेलं पाणी ही गाळणी टाळून सरळ भेगेत जातं. साबण, मोरीतली घाण, अंगणातली शेण-लेंडी, सगळं त्याच्यासोबत. ती भेग तुमच्या बांधावर संपत नाही. शेजारच्या घरात ज्या बोअरचं पाणी पितात, त्यालाही ती जोडलेली असू शकते. आणि खडकात गेलेली घाण उपसून काढता येत नाही.

बोअर भरायचा असेल तर छपराचं पाणी घ्या. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, छप्पर धुऊन निघू द्या. नंतरचं वाळू-खडीच्या गाळणीतून उतरवा. त्या गाळणीवरची वाळू दरवर्षी काढून धुवा. हे काम राहून जातं आणि मग गाळणीच घाणीचं घर होते. मोरीचं पाणी परसातल्या केळीला, अळूला द्या.

बोअर कायमचा कोरडा पडला तर तो उघडा ठेवू नका. तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगड यांनी बुजवा. लहान मुलं पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली तसा आदेशच दिला आहे.

प्रश्न : टीसीएल टाकलं की पाण्याला वास येतो, म्हणून गावातले लोक ते टाकूच देत नाहीत. काय करावं?
*– ग्रामपंचायत सदस्या, जि. सातारा*

उत्तर : उग्र वास बहुधा अंदाजपंचे टाकल्यामुळे येतो. मोजून टाका. चांगल्या टीसीएलला 1000 लिटरला अडीच ग्रॅम हे साधारण प्रमाण. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर ते सुमारे 38 हजार लिटर होतं, म्हणजे 95 ग्रॅमच्या आसपास पावडर. ती बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडा. साका ओतला तर पाणी कठीण होतं. रात्री टाका, निदान तासभर कुणी पाणी काढू नये. उघड्या गोणीतल्या पावडरीचा दम निघून जातो, मग शिपाई दुप्पट टाकतो आणि तक्रारी येतात. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलं ते बघायची चाचणी, टाकीपाशी करून थांबू नका, गावातल्या शेवटच्या नळावर करा. तिथे लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसायला हवं.