गोल्फमध्ये माझा ड्रायव्हर कधी उजवीकडे, कधी डावीकडे जातो. त्यात सातत्य कसं आणू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं खेळताय, सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) आता हातात बसलंय, पण ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) काढला की एक बॉल उजवीकडच्या झाडीत, पुढचा डावीकडे ओबी (हद्दीबाहेर), आणि मधूनच एखादा असा सरळ जातो की वाटतं, जमलं बुवा. ग्रिप बदलून पाहिली, स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) बदलून पाहिला, फरक पडला नाही. मी खारघरला नियमित खेळते, हँडिकॅप १६ आहे (म्हणजे चांगल्या दिवशी ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण १६ जास्त), आणि एक अख्खा पावसाळा मी नेमक्या याच अडचणीत काढलाय. त्यामुळे मनापासून सांगते: आत्ता स्विंगला हात लावू नका. आधी बॉल फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, नक्की कुठे लागतोय ते शोधून काढा.

दुकानातून व्हाइटबोर्डवर लिहायचा निळा मार्कर आणा. बॉलवर तूरडाळीच्या दाण्याएवढा ठिपका काढा, बॉल टीवर (जमिनीत खोचायच्या खुंटीवर) असा ठेवा की ठिपका बरोबर तुमच्या ड्रायव्हरच्या फेसकडे येईल, आणि मारा. बॉल गेला कुठे ते बघायच्या आधी ड्रायव्हर उलटा करून फेस बघा. तिथे निळी खूण उमटलेली असेल. वहीत फेसचं चित्र काढून ती खूण नोंदवा, शेजारी बॉल कुठे गेला ते लिहा, ओल्या कपड्याने फेस पुसा, पुढचा बॉल. असे १० बॉल. हे फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, करायचं. राउंडमध्ये फेसवर मुद्दाम काही लावणं नियमात बसत नाही.

माझ्या पहिल्या १० खुणांपैकी ६ हीलकडे होत्या, म्हणजे शाफ्ट जिथे जोडलेला असतो त्या बाजूला. ३ टोकडे, म्हणजे त्याच्या उलट बाहेरच्या बाजूला, आणि एकच मधोमध. तो एकच सरळ गेला होता. मला वाटत होतं की माझा स्विंग दर वेळी वेगळा होतोय. पण कोचने काढलेल्या व्हिडिओत सगळे स्विंग जवळपास सारखे दिसत होते; बदलत होती ती फेसवर बॉल लागण्याची जागा.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ड्रायव्हरचं डोकं मोठं असतं, नियमाने ४६० घन सेंटिमीटरपर्यंत, आणि त्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल टोवर लागला की डोकं त्या धक्क्याने थोडं उघडतं, म्हणजे फेस उजवीकडे फिरतो. दोन दातेरी चाकं एकमेकांना लागून फिरावीत तसा बॉल मग उलट्या दिशेने फिरायला लागतो आणि हवेत डावीकडे वळतो. हीलवर लागला की सगळं याच्या उलट, बॉल उजवीकडे वळतो. म्हणूनच फेस सपाट न ठेवता आडवा किंचित फुगीर करतात, म्हणजे टोवरचा बॉल निघतानाच जरा उजवीकडे निघावा आणि वळून परत यावा. पण चूक फार मोठी झाली की तो फुगवटा पुरा पडत नाही. वर-खालीसुद्धा असंच. फेसच्या खालच्या भागात लागला की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढते, बॉल बुटका निघतो आणि लवकर पडतो. जरा वर लागला की उंच जातो, स्पिन कमी, आणि लांबही जातो. आयर्नचं डोकं लहान, गुरुत्वमध्य फेसच्या जवळ, लॉफ्ट (फेस मागे झुकल्याचा कोन) जास्त. त्यामुळे तिथे हा खेळ फार कमी दिसतो. तुमचं सात नंबर चांगलं असूनही ड्रायव्हर बिघडतो, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

कोर्सवर सोबतचे लोक आणि कॅडी लगेच सांगतात, "तुमचं डोकं वर आलं." प्रेमानेच सांगतात, पण या सल्ल्याने माझं नुकसानच झालं. फेस आणि बॉल यांचा स्पर्श साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो, आणि डोकं वर येताना दिसतं ते बहुतेक वेळा बॉल गेल्यानंतर. डोकं खाली दाबून धरायच्या नादात मी खांदे आखडून घेतले आणि खुणा आणखी हीलकडे सरकल्या.

आता खुणा बघून काय करायचं. हीलकडे जास्त असतील तर खाली येताना तुमचं वजन पायाच्या बोटांवर जात असणार आणि हात शरीरापासून लांब ढकलले जात असणार. माझं हेच होत होतं. यावर बॉलच्या पलीकडे, तुमच्यापासून लांबच्या बाजूला, दोन इंचांवर बॉलचं रिकामं खोकं ठेवा आणि त्याला धक्का न लावता मारा. पहिले पाच-सहा वेळा खोकं उडेल, उडू दे. मग हात आपोआप जवळून यायला लागतात. टोकडे असतील तर खोकं अलीकडच्या बाजूला. उभं राहताना ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात किती जागा आहे तेही मोजा: चार बोटांपेक्षा जास्त, वितीपेक्षा थोडी कमी, असं माझं बसलं. तुमचं वेगळं असेल, पण जे असेल ते रोज तेवढंच असायला हवं.

खुणा वर-खाली पसरल्या असतील तर टी बघा. सर्वसाधारण नियम असा की ड्रायव्हर जमिनीवर ठेवल्यावर निम्मा बॉल त्याच्या वर दिसावा. पण आपल्याकडे मे महिन्यात मुरमाची जमीन इतकी टणक होते की टी आत जात नाही, बॉल उंच राहतो आणि फेसच्या माथ्यावर लागतो. जुलैत त्याच जागी टी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते. मी टीवर बॉलपेनने एक रेघ ओढून ठेवते आणि तिथपर्यंतच खोचते. रेंजवरच्या मॅटमधली रबरी टी तुमच्या उंचीची नसेल तर तिच्यावर ड्रायव्हरचा सराव करण्यात अर्थ नाही, तेवढा वेळ दुसऱ्या क्लबला द्या.

आता समजा खुणा मधोमध यायला लागल्या, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत, आणि तरीही बॉल दोन्हीकडे जातोय. मग फेसच्या दिशेचा प्रश्न आहे. पूर्वी शिकवायचे की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो. रडारने मोजायला लागल्यावर कळलं की बॉल कुठे निघणार हे बहुतांशी फेसच ठरवतो, ड्रायव्हरला तर जास्तच; आणि वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. हिशेब करून बघा: फेस १ अंशाने उघडा राहिला तर २०० यार्डांवर बॉल साडेतीन यार्ड उजवीकडे. ४ अंश म्हणजे १४ यार्ड, आणि वळण अजून धरलेलंच नाही. चार अंश डोळ्यांना जेमतेम दिसतात.

फेस हातांमुळे फिरतो, म्हणून इथे ग्रिपकडे या. डाव्या हाताची दोन पेरं दिसावीत, क्लब तळव्यात नाही तर बोटांत धरावा, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. मी त्यात एकच भर घालीन: ग्रिपचं रबर हाताने चोळून बघा. मुंबईच्या दमट हवेत घामाने आणि सनस्क्रीनने ते काचेसारखं गुळगुळीत होतं. मग क्लब निसटेल या भीतीने आपण नकळत मूठ आवळतो, मनगट आखडतं आणि फेस उघडा राहतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना ब्रश, महिन्यातून एकदा. तरी गुळगुळीत राहिलं तर रबर बदला, नवीन ड्रायव्हरपेक्षा ते खूपच स्वस्त. उन्हाळ्यात दोन ग्लोव्ह ठेवा आणि अदलाबदल करा.

शिवाय खांदे. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला ठेवतो, म्हणजे पुढे, आणि त्याच्याकडे हात नेताना खांदे न कळत डावीकडे उघडतात. पाय सरळ दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण स्विंग बाहेरून आत कापत येतो. ड्रायव्हर छातीवर आडवा धरून बघा, तो कुठे रोखलाय ते लगेच दिसेल. ही एक गोष्ट सुधारल्यावर माझा उजवीकडचा मोठा स्लाइस निम्म्यावर आला.

ड्रायव्हरबद्दलही थोडं. आज दुकानात मिळणारे ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचे असतात. बऱ्याच व्यावसायिक स्पर्धांत ४६ च्या वर जाता येत नाही. एवढ्या लांब काठीने मधोमध मारणं अवघड आहे, म्हणून एक इंच खाली धरा. काही यार्ड जातील असं वाटतं, पण बॉल मधोमध लागला की ते बऱ्याचदा भरून निघतात. लॉफ्ट ९ अंश असेल तर १०.५ किंवा १२ चा मागून बघा, जास्त लॉफ्टवर बॉल कमी वळतो. लांबीची काळजी वाटत असेल तर टोकियो ऑलिंपिक आठवा: अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत कुठेच नव्हती, आणि चौथी आली, रौप्यपदकापासून एका फटक्यावर.

सराव करताना ओळीने ५० ड्रायव्हर मारू नका. विसाव्या बॉलला लय सापडते आणि आपण खूश होऊन घरी येतो. कोर्सवर मात्र दोन ड्राइव्हमध्ये पाव तास जातो आणि प्रत्येक ड्राइव्ह पहिलाच असतो. एक ड्रायव्हर, मग सात नंबर, मग एखादा वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), मग पुन्हा ड्रायव्हर. दर वेळी मागे जाऊन रेंजवरचे दोन खांब किंवा झाडं निवडा, साधारण ३० यार्डांचं अंतर असलेली, आणि त्यांच्या मधून गेला की नाही एवढंच मोजा. दहात किती, ते वहीत लिहा. मी सुरू केलं तेव्हा दहात तीन जात होते, चार महिन्यांनी सहा. आजही बहुतेक दिवशी सहाच जातात, आणि तेवढ्यावर खेळ नीट चालतो.

या सगळ्यात एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. टी, उभं राहण्याचं अंतर, ग्रिप, तिन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. महिनाभर करूनही खुणा मधोमध आणि बॉल दोन्हीकडे, असंच राहिलं तर फोन मागे, हातांच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा आणि वहीसकट कोचकडे जा. दहा खुणांची नोंद हातात असली की कोचचा पहिला अर्धा तास वाचतो.

आधी ते १० बॉल मारा आणि फेसच्या चित्राचा फोटो कमेंटमध्ये टाका. हील की टो, ते बघून पुढचं सांगते.