जुना बाजार, थंडी आणि जुने कागद

प्रश्न : दर रविवारी पहाटे साताऱ्याहून मोटारसायकलवर पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. खंबाटकी घाटात बोटं बधिर होतात. शिवाय तिथून आणलेली पोस्टकार्डं, देवादिकांची चित्रं कशी सांभाळू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हातमोजे घट्ट घेऊ नका, रक्त खेळलं नाही की बोटं आणखी गारठतात. आत पातळ लोकरी, वर चामड्याचे. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. मी २० वर्षं तेच करते. वारा आत शिरत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको! आजीचं १९३८चं पोस्टकार्ड मी चिकटपट्टीने जोडलं होतं. आज तिथे तपकिरी डाग आहे, तिची सहीही वाचता येत नाही. अजून हळहळ वाटते. वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्याही टाळा, पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. नोंद मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

'रविवर्मा प्रेसचं' म्हणून चित्र दाखवलं, तर खिशातलं भिंग काढा. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, ठिपके वेडेवाकडे, विखुरलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते एकसारखे, ओळीने. ओळ दिसली, तर चित्र खाली ठेवा.