खचलेले मन ख्रिस्ती श्रद्धेने खरोखर सावरते का?

घटस्फोट आणि त्यापाठोपाठ आईचे निधन यांमुळे तुम्ही पुरते खचला आहात, नोकरीनिमित्त पणजीत एकटे राहता, आणि एका सहकाऱ्याबरोबर चर्चमध्ये गेलात तेव्हा तिथे बसल्या बसल्या रडू कोसळले, असे तुम्ही लिहिले आहे. त्या श्रद्धेने मन खरेच बरे होते की तो घटकाभराचा दिलासा असतो, असा तुमचा प्रश्न आहे. मी कॅथलिक आहे; शिक्षण सावंतवाडीला मराठीतून झाले आणि लग्नानंतर म्हापशाची झाले. काही वर्षांपूर्वी माझे पती हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. त्यानंतर जे अनुभवले त्याच्या बळावर सांगते, की मन सावरते. मात्र घाव पुसला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ख्रिस्ती श्रद्धेने तसे वचन कधी दिलेलेच नाही.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो, तेव्हा तो आपले हात आणि कूस दाखवतो आणि खिळ्यांचे व्रण त्या नव्या देहावरही तसेच असतात. शंका घेणाऱ्या थोमाला तो त्याच व्रणांना हात लावायला सांगतो. मरणावर मात केलेल्या देहावर व्रण राहतात, तर माझ्या आयुष्यावर ते राहिले यात श्रद्धा कमी पडली असे होत नाही, हा विचार मला फार मोठा आधार ठरला.

दुसरी गोष्ट आक्रोशाची. देवापुढे शांत, समंजस होऊनच उभे राहावे लागते असे अनेकांना वाटते. बायबलमधील स्तोत्रे वाचली की हा समज टिकत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला विचारतो की तू मला कुठवर विसरणार आहेस, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, त्यात शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. क्रुसावरून येशूने उच्चारलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द बाविसाव्या स्तोत्रातले आहेत. चर्चमध्ये तुम्हाला आलेले रडू हीदेखील प्रार्थनाच होती असे मी मनापासून मानते.

माझी स्वतःची प्रार्थना मात्र पती गेल्यावर बंदच पडली होती. संध्याकाळी वाड्यावरच्या बायका घरी येऊन तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणत असत. या प्रार्थनेत ‘नमान मोरिये’चा, म्हणजे मारियेला केलेल्या वंदनाचा, पहिला भाग एकीने म्हणायचा आणि उरलेला सगळ्यांनी मिळून. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर माळ नुसती हातात धरून बसलेली असे. पहिला भागही त्या म्हणत आणि माझा भागही त्याच म्हणत. मला कोणी ‘तू म्हण’ असे सुचवले नाही. शेजारच्या एक वयस्क बाई जाताना माझ्या स्वयंपाकघरात डोकावत, सकाळची पेज तशीच पडलेली दिसली तर ती गरम करून, वर थोडे लोणचे घालून वाटी माझ्यासमोर ठेवत, आणि मी खाईपर्यंत तिथेच बसून राहत. पुढे केव्हातरी मी दुसरा भाग सर्वांबरोबर म्हणू लागले. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो ती काही काळ दुसऱ्यांनी आपल्या वतीने सांभाळावी लागते, हे मला त्या संध्याकाळींनी शिकवले, आणि म्हणून एकट्याने खोलीत बसून श्रद्धा ‘मिळवण्याचा’ प्रयत्न तुम्ही करू नये असे वाटते.

हे सारे लवकर घडत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी पुनःपुन्हा आठवते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एवढी विदुषी, तरीही तिला इतका काळ लागला. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. श्रद्धेने त्यांना दुःखातून सवलत दिली नाही, पण केडगावला शेकडो निराधार स्त्रियांना आसरा देण्याचे बळ दिले.

एका बाबतीत सावध राहा. ‘तुमचा विश्वास कमी आहे म्हणून बरे वाटत नाही’ असे सांगणारे, किंवा प्रार्थनेच्या भरवशावर गोळ्या बंद करायला लावणारे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नका. बायबलमध्ये अतोनात दुःख भोगणाऱ्या ईयोबाची गोष्ट आहे. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते. त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवा, किंवा रात्री-अपरात्रीही 14416 या टेली मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करा. उपचार घेणे आणि देवावर भरवसा ठेवणे यांत मला कधीच विरोध जाणवला नाही.

यासाठी धर्म बदलावा लागेल का, असेही तुम्ही चाचरत विचारले आहे. चर्चमध्ये बसायला, प्रार्थना करायला काहीच अट नाही. आमच्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (उत्सवाला) कितीतरी हिंदू कुटुंबे तेल घेऊन येतात. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फक्त कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर घेणे, कॅथलिकांपुरते असते, तेव्हा त्या वेळी जागेवर बसून राहा, कोणी काही म्हणणार नाही. गोव्यातल्या बहुतेक मिस्सा कोकणीत असल्या तरी मराठी बायबल सहज मिळते. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे, तिथून सुरुवात करा. फादरांशी बोलावेसे वाटले तर रविवारी नको, कारण मिस्सेनंतर त्यांच्याभोवती गर्दी असते. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी आधी विचारून जा, आणि आईविषयी बोलायचे आहे असे सांगून त्यांच्याकडून पुरेसा वेळ मागून घ्या.