दोन औषधं झाली, फिट थांबेना, आता पुढं काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझी मुलगी १९ वर्षांची, बीकॉमला आहे. दीड वर्षाची असताना तापात फिट आली होती ती अर्धा तास थांबली नव्हती, नंतर सगळं नीट झालं. सातवीपासून मात्र मधेच एकदम गप्प होते, टक लावून बघत बसते, तोंडानं मचमच करते, हातानं ओढणी चाळवत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मिनिटभरानं भानावर आली की तिला काहीच आठवत नसतं. परवा पोळ्या करताना असंच झालं, हात तव्यावर टेकला आणि चांगलाच भाजला. आधी देवऋषी झाला, मग गोळ्या, एक बदलली, दुसरी वाढवली, तरी महिन्यातून चार-पाच वेळा होतंच. आता डॉक्टर म्हणतात मोठ्या सेंटरला दाखवा, कदाचित ऑपरेशन लागेल. मेंदूचं ऑपरेशन म्हटल्यावर त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.
– एक आई, फलटण

उत्तर : ताई, आधी हाताला काय औषध चालू आहे ते बघा, आणि तोपर्यंत तिला गॅसपाशी एकटी सोडू नका. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, विहिरीवर-नदीवर एकटीनं जायचं नाही.

तुम्ही लिहिलंय ती फिटच आहे. आपल्याकडे फिट म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस एवढंच धरतात, त्यामुळं असे झटके वर्षानुवर्षं 'तंद्री लागते', 'बाहेरचं असेल' म्हणून निघून जातात, याचं मला दर ओपीडीला वाईट वाटतं. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग येतो, टेम्पोरल लोब, तिथून हे झटके बहुतेक वेळा निघतात. लहानपणी तापातली लांबलेली फिट आणि काही वर्षांनी असे झटके, ही जोडी आम्हाला नेहमी दिसते आणि त्यात बऱ्याचदा हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग सुकून गेलेला असतो. साध्या एमआरआयमध्ये तो निसटू शकतो, म्हणून फिटसाठीचा खास एमआरआय करायला सांगतात.

दहातल्या सहा-सात जणांच्या फिट गोळ्यांनी थांबतात. पण योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये न चुकता घेऊनही थांबत नसतील तर तिसऱ्या-चौथ्या गोळीनं थांबण्याची आशा फार कमी उरते. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलंय.

आणि सेंटरला गेलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं मुळीच नाही हो. तिथं काही दिवस ॲडमिट करून व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद करतात, डोक्याला वायरी चिकटवलेल्या, समोर कॅमेरा चालू, आणि गरज पडली तर देखरेखीखाली गोळ्या कमी करून झटका येऊ देतात, कारण तो नेमका कुठून निघतो ते बघायचं असतं. स्मरणशक्ती आणि बोलणं यांच्याही टेस्ट होतात. सगळं एकाच जागेकडे बोट दाखवत असेल तरच सर्जन पुढं येतो. २००१ साली कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांचा अभ्यास झाला होता, वर्षभरानं ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के जणांचे भान हरपणारे झटके थांबलेले होते, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्सनं २०१७ मध्ये ११६ मुलांवर असाच अभ्यास केला, त्यातही फरक असाच मोठा होता, ऑपरेशनच्या गटात ७७ टक्के आणि नुसत्या गोळ्यांच्या गटात ७. धोका नसतो असं मी म्हणणार नाही, बाजूप्रमाणे स्मरणशक्तीवर किंवा नजरेच्या एका कोपऱ्यावर परिणाम होऊ शकतो, ते आधीच नीट विचारून घ्या.

मुंबईत केईएम आहे, बंगळुरूला निमहान्स, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये तर १९९५ पासून हे काम चालू आहे. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

जाताना एक गोष्ट न्या, झटक्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, कारण कुठला हात ओढणी चाळवतो आणि कुठला आखडतो यावरून आम्हाला झटका मेंदूच्या कुठल्या बाजूनं निघतो ते कळतं. ती भानावर येईपर्यंत नाव विचारत राहा, रेकॉर्डिंग बंद करू नका. मोठी फिट आली तर मात्र मोबाईल बाजूला ठेवून आधी तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. कांदा-चप्पल नको. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, तोवर कुणीतरी कांदा फोडून आणलेला असतो आणि श्रेय कांद्याला मिळतं.

प्रश्न : भाचीच्या फिट गोळ्यांवर बंद आहेत. स्थळ आलंय, मुलाकडच्यांना सांगायचं का?
– मावशी, परभणी

उत्तर : सांगायचं, मावशी. हिंदू विवाह कायद्यातून फिटचा मुद्दा १९९९ मध्येच काढून टाकलाय, त्यामुळं नुसत्या फिटच्या कारणावरून लग्न मोडता येत नाही, पण लपवलं तर 'फसवलं' म्हणून कोर्टात जायला वाट मिळते. आणि मला त्याहून जास्त काळजी वेगळीच वाटते, लपवलं की गोळीपण लपवून घ्यावी लागते, लग्नाच्या गडबडीत जागरणं होतात, गोळी चुकते आणि पहिल्याच आठवड्यात सासरी फिट येते. अशा मुली मी बघितल्यात. गोळ्यांमध्ये व्हॅलप्रोएट आहे का ते आजच पाकिटावर बघा. गरोदरपणात त्यानं बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून लग्नाच्या आधी काही महिने न्यूरॉलॉजिस्टला भेटून औषध बदलायचं का आणि फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचं ते ठरवून घ्या. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करायची नाही.