पन्हं, पानक आणि आजीची पितळेची घागर

पाडवा उलटला की माझ्याकडे येणारी पत्रं आंबट व्हायला लागतात. कैरी, भिरंडं म्हणजे कोकमाची फळं, लिंबू, गूळ. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून आहारतज्ज्ञ या नात्याने एकदाच लिहून टाकते.

पन्ह्यासाठी कैरी उकडायची की निखाऱ्यावर भाजायची? (वाळपई)

कशीही. भाजलेलीला धुरकट चव येते, एवढंच.

वडिलांना मधुमेह आहे. रामनवमीला दुपारी बारापर्यंत उपास करतात आणि मग दोन पेले पानक, म्हणजे गूळ-लिंबाचं पेय, घेतात. गुळाचं असतं, म्हणजे चालेल ना? (मडगाव)

नाही. गूळ म्हणजे रंग आणि वास शिल्लक राहिलेली साखर. पण तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन बारापर्यंत उपाशी राहिलं तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. गोळीचं काय करायचं ते आठवडाभर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पाळण्याची दोरी हातात असताना ठरवू नका.

सात महिन्यांच्या नातीला प्रसाद म्हणून चमचाभर पानक? आमच्यात थोडा मध घालतात. (पेडणे)

नको. वर्षाच्या आत मध मुळीच नाही. तिचा प्रसाद तिच्या आईला द्या.

वाड्यावरच्या उत्सवाचं पानक सकाळी आठलाच आजीच्या पितळेच्या घागरीत करून ठेवलं होतं. दुपारी प्यायलेल्या सहा-सात जणांना तासाभरात मळमळ, पोटात कळा, उलट्या. सगळे म्हणतात ऊन लागलं. काका म्हणतात, पितळेनं पोट साफ झालं. चार दिवस झाले, एका मुलाला अजून जेवण जात नाही. काय द्यावं? (फोंडा)

आधी मुलाला डॉक्टरकडे न्या, पुढचं नंतर वाचा. चार दिवस कशाची वाट पाहिलीत? लघवी कमी झाली असेल, डोळे पिवळट दिसत असतील किंवा शौचाला काळं होत असेल तर सरळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या. आणि घागरीचं आपणहून सांगा, कारण ते कुणी विचारणार नाही.

ऊन काही एकाच घागरीतलं प्यायलेल्यांना शोधून लागत नाही. पाणी किंवा बर्फ खराब असू शकतो, ते डॉक्टर बघतील. पण आंबट पेय, पितळेचं भांडं आणि तासाभरात उलट्या हे तिन्ही एकत्र आलं की माझा पहिला संशय भांड्यावर.

देवाची समई तुम्ही कशानं घासता? चिंचेनं, लिंबानं, नाहीतर परसातल्या बिंबलांनी. काळपट थर जातो आणि समई लखलखते. तो थर आंबटात विरघळलेला असतो. पानकात लिंबू पिळून तुम्ही ती घागर आतून चार तास घासत ठेवलीत आणि घासलेलं पाणी पेल्यांतून वाटलंत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दोन्ही जास्त प्रमाणात पोटात गेली की पोट ती बाहेर फेकतं. काकांना त्याला साफ होणं म्हणायचं असेल तर म्हणोत.

‘पूर्वी पितळेतच करायचे की!’ करायचे, पण कल्हई लावून. कल्हईवाला भाता घेऊन दारी यायचा, नवसागराचा धूर व्हायचा आणि आतून कथलाचा पांढरा थर बसायचा. घागर आतून पिवळी दिसू लागली की तो थर संपला. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचंही नाही. कल्हई नीट नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी अयोग्य, हे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही म्हटलं होतं. लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यातल्या दुधाशी असावा, हे पुण्यातल्या संशोधनातून १९८३ मध्ये मांडलं गेलं. चाळीस वर्षं झाली, आणि आता तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून ‘डिटॉक्स’ म्हणून विकायला निघालेत! बाटलीत साधं पाणी ठेवा, लिंबू नको.

घागर देवापुढे पाणी भरून ठेवा, फुलं वाहा. पानक स्टीलच्या भांड्यात करा.

हमरस्त्यावरच्या दुकानातलं कोकम सरबत लालभडक आहे. बाटलीवर ‘घरगुती’ लिहिलंय. घ्यावं का? (म्हापसा)

‘घरगुती’ हा शब्द छापायला काही लागत नाही. मागचं बारीक अक्षर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पाकाच्या सरबतात साखर पहिली असणारच, पण कोकम अगदी शेवटी आणि त्याच्या जोडीला रंग असेल तर ठेवून या. घरी चमचाभर सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा. भिरंडीचा रंग निळसर-काळपटाकडे झुकतो. तो लालच राहिला तर रंग फळाचा नाही, असं समजायला हरकत नाही. रंग बदलला म्हणून मात्र सगळं शुद्ध ठरत नाही. याच टपालात एकीनं विचारलंय की बीपीची गोळी चालू आहे, तर आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, बरं ना, त्यात साखर नसते? साखर नसते, मीठ भरपूर असतं. रोज घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

कोकमानं पित्त जातं का? (डिचोली)

काहींना बरं वाटतं, काहींना उलट जळजळ वाढते. दोन आठवडे छातीत जळत असेल तर सरबत बदलू नका, तपासून घ्या.

पन्ह्याचा गर किती दिवस टिकतो? (काणकोण)

काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, कोरडा चमचा वापरलात तर तीन-चार दिवस. फेस आला की ओतून टाका. वास घेऊन बघा म्हणून बरणी माझ्याकडे पाठवू नका, गेल्या वर्षी दोन आल्या.