मॉर्गन त्स्वांगिराई: पहिल्या फेरीत पुढे, तरी सत्तेबाहेर

झिम्बाब्वेत २००८ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत आघाडीवर असूनही विरोधी नेते त्स्वांगिराई यांनी दुसऱ्या फेरीतून माघार घेतली, ही त्यांची घोडचूक होती का, आणि कामगार पुढारी असणे त्यांना नडले का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. माझ्या मते माघार घेण्यात चूक नव्हती. चूक झाली ती त्यानंतर सत्तेत भागीदार असताना.

बिंदुराच्या निकेल खाणीत मुकादम असलेले त्स्वांगिराई १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशातील कामगार महासंघाचे सरचिटणीस झाले. झानू-पीएफ या सत्ताधारी पक्षाच्या दावणीला बांधलेला हा महासंघ त्यांनी मोकळा केला, करवाढ व महागाईविरुद्ध देशव्यापी संप घडवले आणि सप्टेंबर १९९९ मध्ये मूव्हमेंट फॉर डेमोक्रॅटिक चेंज (एमडीसी) हा पक्ष काढला. जून २००० च्या संसदीय निवडणुकीत या नवख्या पक्षाने मतदानाने भरायच्या १२० पैकी ५७ जागा जिंकल्या; स्वतः त्स्वांगिराई मात्र पडले. राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या झानू-पीएफ पक्षाची खूण आवळलेली मूठ, तर एमडीसीची उघडा पंजा (आपल्याकडच्या पंजाशी त्याचा संबंध नाही), त्यामुळे रस्त्यात नुसता हात हलवला तरी माणसाचा पक्ष कळे.

२९ मार्च २००८ च्या मतदानात प्रत्येक केंद्राचा निकाल केंद्राबाहेरच लावण्याची तरतूद होती. कार्यकर्त्यांनी त्या तक्त्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून स्वतःच बेरीज केली, आणि त्यामुळे निकाल सरसकट फिरवणे अवघड होऊन बसले. अधिकृत आकडे तब्बल पाच आठवड्यांनी, २ मे रोजी आले: त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२ टक्के. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसल्याने दुसरी फेरी ठरली आणि एमडीसीच्या बाजूने गेलेल्या खेड्यांवर मारहाण, जाळपोळ व खुनांचे सत्र सुरू झाले. गोऱ्यांच्या राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात न उतरलेल्या नेत्याला आपण मानणार नाही, हे सेनाप्रमुखांनी २००२ च्या निवडणुकीपूर्वीच जाहीर केले होते. अशा स्थितीत ते रिंगणात राहिले असते तर आणखी माणसे मारली गेली असती; सत्तांतर मात्र झालेच असते असे मला वाटत नाही.

मुगाबे राष्ट्राध्यक्षपदी राहिले, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्यासोबतच्या संयुक्त सरकारात त्स्वांगिराई पंतप्रधान झाले. स्वतःचे चलन बाजूला ठेवून परकीय चलनात व्यवहार सुरू झाल्याने दुकानांत माल परतला, आणि त्याचे बरेचसे श्रेय एमडीसीचे अर्थमंत्री तेंदाई बिती यांचे आहे. परंतु लष्कर व गुप्तहेर खाते मुगाबेंकडेच राहिले. मतदार याद्या आणि सुरक्षा दले यांतील सुधारणांसाठी अडून बसण्याची ताकद एमडीसीकडे याच काळात होती, कारण सरकार त्यांच्याशिवाय चालत नव्हते. ती वापरण्याऐवजी त्स्वांगिराई मुगाबेंशी जुळवून घेत राहिले. जुलै २०१३ ची निवडणूक मतदार यादीची संगणकीय प्रतही हाती नसताना लढवावी लागली आणि ते ६१ विरुद्ध ३४ टक्क्यांनी हरले. गैरप्रकार झाले हे खरे, तरी एवढी मोठी तफावत केवळ गैरप्रकारांच्या माथी मारता येत नाही.

कामगार पुढारी असणे मुळात नडत नाही, हे शेजारच्या झांबियात दिसते. तेथील कामगार महासंघाचे अध्यक्ष फ्रेडरिक चिलुबा १९९१ मध्ये निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले, कारण तोवर सत्तेवर असलेले केनेथ काउंडा यांनी पराभव मान्य केला. त्स्वांगिराई यांच्यासमोर काउंडा नव्हते. मुगाबेंना नोव्हेंबर २०१७ मध्ये पायउतार केले ते त्यांच्याच लष्कराने, आणि सत्ता गेली त्यांच्याच पक्षाच्या मनंगाग्वा यांच्याकडे. त्यानंतर तीनच महिन्यांत, १४ फेब्रुवारी २०१८ रोजी, त्स्वांगिराई कर्करोगाने वारले.