४८ लाखांचा सीझन सोडायचा का? गुडघा, गृहकर्ज आणि टर्फचा हिशोब

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसते आकडे बघत गेलो, दुसऱ्यांदा मात्र एका ओळीवर अडकलो, तुम्ही लिहिलंय की कबड्डीच्या मॅटवर पाय ठेवला की पोटात गोळा येतो आणि पूर्वी पहिली रेड झाली की तो जायचा, आता मॅच संपली तरी जात नाही. आकड्यांचं बोलूच, पण ही ओळ मी बाजूला ठेवणार नाहीये.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वय २७, प्रो कबड्डीत रेडर, गाव कोल्हापूरकडचं. मागच्या ऑक्शनला ४८ लाख मिळाले, कॉन्ट्रॅक्टचा अजून एक सीझन बाकी आहे. उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची दोन ऑपरेशन्स झालीत. मिसेस शाळेत शिक्षिका आहेत, हातात ४४ हजार येतात, डिसेंबरमध्ये बाळ येणारंय. घरखर्च ६८ हजार, त्यात १९ हजार गृहकर्जाचा हप्ता. शिल्लक म्हणजे बँकांत एफडी ३८ लाख, पतसंस्थेत २२, म्युच्युअल फंडात ३४, पीपीएफ ९. कर्ज १८ लाख बाकी. हे आता खेळ सोडायचा म्हणतायत आणि मित्राबरोबर ४५ लाख घालून टर्फ, म्हणजे तासाने भाड्याने द्यायचं कृत्रिम गवताचं मैदान, काढायचा विचार आहे. वडील बोलायचे बंद झालेत आणि सासरे म्हणतात की अजून ५ वर्षं खेळलास तर २ कोटी ४० लाख होतात, ते सोडणार का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळ सोडायला माझी हरकत नाही, पैसे तेवढे आहेत. टर्फला माझी हरकत आहे, आणि चांगलीच आहे.

आता सासऱ्यांचा हिशोब बघू, कारण घरात सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा बसलाय. ४८ गुणिले ५. पण हे ४८ लाख कुणी पाच वर्षांसाठी लिहून दिलेत का? कॉन्ट्रॅक्ट संपलं की परत ऑक्शन, आणि तिथे कुठल्या कॅटेगरीत बसवतील त्यावर बेस प्राइस, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती रक्कम. गेल्या काही ऑक्शन्सना ए कॅटेगरी ३० लाख, बी २०, सी १३ आणि डी ९ लाख अशी रचना होती. या लीगमध्ये पैसा किती वाढला ते सगळ्यांनी बघितलंय, २०१४ च्या पहिल्या ऑक्शनला सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता, २०१९ ला आपल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला, २०२३ ला पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या वर गेला. पण वाढलेला पैसा फिट गुडघ्याला मिळतो. दोन ऑपरेशन झालेला २८-२९ वर्षांचा रेडर ऑक्शनला आला तर तो ४८ ला जाईल, १३ ला जाईल की अनसोल्ड राहील, हे तुमच्या टीमचा कोचही सांगू शकत नाही. म्हणून २ कोटी ४० लाख ही रक्कम वहीतून खोडा. तुम्ही सोडताय तो एक सीझन, बास.

आणि त्या एका सीझनचे तरी हातात किती येतात? ४८ लाखांवर इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीमने टॅक्स सेससकट साधारण १० लाख ६० हजार. फिजिओ, ट्रेनर, खुराक, एजंट यांचे तुम्हीच साडेतीन लिहिलेत. राहिले ३४ च्या आसपास. ३४ लाख काही कमी नाहीत, आपल्याकडे माणूस आयुष्यभर नोकरी करून एवढे बाजूला टाकू शकत नाही, ते मी हलक्यात घेत नाहीये. पण प्रश्न असा आहे की हे ३४ लाख तुम्हाला *लागतायत* का.

तर बघा. पतसंस्थेतल्या २२ मधले १८ काढून गृहकर्ज संपवा. फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लागत नाही, तुमचा व्याजदर साडेआठ आहे आणि एफडीवर तुम्हाला साडेसहा मिळतायत, त्यातही आत्ताच्या स्लॅबला तीस टक्के टॅक्स जातो, म्हणजे एका खिशातून साडेआठने द्यायचं आणि दुसऱ्यात साडेचारने घ्यायचं असं चाललंय. हप्ता गेला की घरखर्च ४९ हजार. बाळासाठी १५ हजार वाढवा, ६४. मिसेसचे ४४ वजा केले की दर महिन्याला २० हजार कमी पडतात, वर्षाचे २ लाख ४०. आणि शिल्लक राहते ८५ लाख. तुम्ही एक रुपया कमावला नाही असं धरलं तरी वर्षाला ८५ मधले तीन टक्केसुद्धा काढावे लागत नाहीत असं झालं की. शिवाय खेळाचं उत्पन्न थांबलं की नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्यामुळे एफडीचं व्याज जवळपास पूर्ण तुमच्या हातात पडेल.

अर्थात २७ व्या वर्षी एक रुपया न कमावता बसायचं नाहीये, तसं तुम्हीही म्हणत नाही आहात. दोन वर्षांत महिना २५-३० हजारांचं काहीतरी उभं राहिलं की या ८५ ला हातच लावावा लागत नाही. म्हणून म्हणतो की हा निर्णय पैशाने अडलेला नाही.

टर्फ घातलं की हेच गणित फिरतं. ८५ मधले ४५ गेले, उरले ४०, त्यातले ९ पीपीएफमध्ये अडकलेले. वर्षाला लागणारे २ लाख ४० तेच, पण आता ते ४० मधून काढायचे, म्हणजे सहा टक्के. महागाईही त्याच्याच आसपास धरून चालावी लागते, म्हणजे पैसा वाढायला जागाच राहत नाही, आणि टर्फ पहिल्या महिन्यापासून चाललं तरच पुढचं. ते चालतं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, भाडं आणि वॉचमन मात्र तीसही दिवस. पावसाळ्यात कोल्हापूरला किती बुकिंग होतील ते तुम्हाला माहितीच आहे. गवताचा कार्पेट काही वर्षांनी बदलावा लागतो त्याचे पैसे तुमच्या मित्राने पाठवलेल्या एक्सेलमध्ये कुठेच दिसले नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही साधी भागीदारी करताय, त्यात धंद्याच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसकट पूर्ण जबाबदार असतो, मित्राने मटेरियल उधारीवर उचललं आणि गायब झाला तर सप्लायर तुमच्या दारात येणार कारण पोस्टरवर फोटो तुमचा आहे.

स्वीडनचा टेनिसपटू ब्यॉर्न बोर्ग, त्याचं उदाहरण मी खेळाडूंना नेहमी देतो. ५ विम्बल्डन ओळीने, ६ फ्रेंच ओपन, आणि १९८३ मध्ये २६ व्या वर्षी हा माणूस थांबला. थांबला त्यात चूक काही नव्हती, मन उडालं होतं त्याचं. नंतर स्वतःच्या नावाचा कपड्यांचा धंदा काढला तो बुडाला, १९९१ ला जुनी लाकडी रॅकेट घेऊन परत खेळायला आला आणि पहिल्याच मॅचला हरला, आणि २००६ मध्ये विम्बल्डनच्या ट्रॉफ्या लिलावाला काढायची वेळ आली. शेवटी त्या विकल्या नाहीत, पण लिलाव जाहीर झाला होता. लवकर सोडल्याने तो अडचणीत आला असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. धंद्यात पैसा गेला. तुमच्याबाबतीत मला भीती वाटते ती याचीच.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू ॲश बार्टी. २०२२ च्या मार्चमध्ये २५ व्या वर्षी, जगात एक नंबर असताना, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोन महिने झाले नाहीत तोवर थांबली. पण त्याआधीचं कमी लोकांना आठवतं, ती २०१४ मध्ये पण थांबली होती, १८ वर्षांची असताना. मग ब्रिस्बेन हीट या टीमकडून महिलांच्या बिग बॅश लीगमध्ये क्रिकेट खेळली, २०१६ ला टेनिसला परत आली आणि सिंगल्सची तिन्ही ग्रँड स्लॅम त्याच्यानंतरची आहेत. हे सांगतोय ते अशासाठी की तुम्ही पण इन्स्टाग्रामवर 'निवृत्ती' हा शब्द टाकायची घाई करू नका. आधी यंदाचा सीझन खेळणार नाही एवढंच ठरवा. वर्षाने पोटातल्या त्या गोळ्याचं काय झालंय ते बघा.

कॉन्ट्रॅक्टचं मात्र नीट करा. एक सीझन बाकी आहे म्हणजे फ्रँचायझीचा तुमच्यावर हक्क आहे. अमेरिकेत ख्रिस बोरलंड नावाचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू २०१५ ला एकच सीझन खेळून २४ व्या वर्षी बाहेर पडला, डोक्याला मार बसून पुढे मेंदूचं काय होईल या काळजीने, त्याला ६ लाख १७ हजार डॉलरच्या साइनिंग बोनसपैकी जवळपास पाऊण हिस्सा परत करावा लागला. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ॲडव्हान्स परत करायचं कलम आहे का, मेडिकल कारण असेल तर काय, हे वकिलाला दाखवून घ्या आणि रिलीज लेखी घ्या. मॅनेजर फोनवर 'काही टेन्शन नको' म्हणाला यावर अजिबात राहू नका.

आता सोडायच्या *आधी* करायच्या दोन गोष्टी, आणि यात उशीर केलात तर खरंच नुकसान आहे. टर्म इन्शुरन्स, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम देणारा विमा, आत्ता घ्या. कंपनी किती कव्हर देणार हे मागच्या वर्षांच्या इन्कम टॅक्स रिटर्नवर ठरवते, आज तुमच्या रिटर्नला उत्पन्न दिसतंय तर एक-दीड कोटीचं कव्हर मिळेल, दोन वर्षांनी रिटर्नला नुसतं व्याज दिसलं की तेवढं मिळणार नाही. फॉर्मवर ऑपरेशन्स आणि पुढे खेळ थांबवायचा विचार आहे हे खरं लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी मिसेसना त्रास होईल. दुसरं म्हणजे मेडिक्लेम. टीमचं कव्हर टीमबरोबर जाणार. स्वतःची फॅमिली पॉलिसी घेतलीत की आधीच्या दुखण्याला, म्हणजे तुमच्या गुडघ्याला, जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं, ते घड्याळ जेवढं लवकर चालू होईल तेवढं बरं. आईवडिलांची पॉलिसी वेगळी काढा, तुमच्यात मिसळू नका.

टॅक्सचं पण एक आहे. फ्रँचायझी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, कापते असं लिहिलंय, म्हणजे ४८ वर ४ लाख ८० गेले आणि टॅक्स आहे १० लाख ६०. मागच्या सीझनचे उरलेले ५ लाख ८० तुम्ही ॲडव्हान्स टॅक्समध्ये भरलेत का ते सीएला आजच विचारा. खेळाडूंचं इथेच फसतं, उत्पन्न थांबतं आणि वर्षाने व्याजासकट नोटीस येते.

पतसंस्थेबद्दल जरा कळकळीने सांगतो. माझ्या वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे गावच्या एका पतसंस्थेत अडकले होते, चेअरमन घरातल्यासारखा, दिवाळीला फराळाला यायचा, आणि ते पैसे तुकड्यातुकड्याने परत यायला अकरा वर्षं गेली, आईच्या आजारपणात एक रुपया कामाला आला नाही. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे, व्याज धरून ५ लाखांचा विमा असतो, पतसंस्थेला तो विमा नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून २२ लाख तिथे ठेवू नका, संस्था कितीही चांगली असो. कर्ज फेडून उरतील ते ४ लाख साध्या बँकेत इमर्जन्सीला ठेवा. सहकारी बँकेत तुमचे १४ लाख एकट्याच्या नावाने आहेत तेही पाचच्या आत आणा.

मग करायचं काय? तुम्हाला शिकवायला आवडतं हे पत्रातच दिसतंय, तालमीतल्या पोरांबद्दल तुम्ही अख्खं पान लिहिलंत आणि टर्फबद्दल चार ओळी. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, ४५ लाखांच्या तुलनेत त्याची फी काहीच नाही. आणि महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तुमची नॅशनलची सर्टिफिकेटं क्रीडा उपसंचालकांकडे पडताळून घेतलीत का ते लिहिलं नाहीत. हे काम कपाटात पडून ठेवू नका, वयाच्या अटी असतात, पोलीस भरतीला तर जास्तच कडक आणि तिथे गुडघ्याचाही प्रश्न येईल, पण बाकी खात्यांचे रस्ते उघडे आहेत. खरं सांगायचं तर पाच वर्षं खेळत राहण्याची ही पण एक किंमत आहे जी सासऱ्यांनी धरलेली नाही. टर्फचं वेड गेलंच नाही तर दोन वर्षांनी, दुसऱ्याच्या टर्फवर सकाळची बॅच चालवून बघितल्यावर, १० लाखांच्या वर नाही आणि एलएलपी करून, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी.

राहिले वडील. त्यांनी तुमच्यासाठी काय काय विकलं ते तुम्ही लिहिलंय, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याचा राग धरू नका. त्यांच्या डोळ्यासमोर पोरगं घरी बसलेलं आहे. त्यांना गुऱ्हाळाचा हिशोब वहीत मांडायची सवय आहे ना, तसंच एका पानावर मांडून दाखवा, खर्च ६४, सूनबाईचे ४४, कमी पडतात २०, शिल्लक ८५ लाख, कर्ज शून्य. घराच्या कागदांवरचा बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र त्यांच्या हातात द्या, निम्मं बोलणं त्यानेच होईल.

पतसंस्थेची पावती पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पिकतेय असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी ती आपोआप रिन्यू करतात, म्हणून रिन्यू करू नका असा लेखी अर्ज या आठवड्यातच देऊन या आणि त्याची पोच घ्या.